स्टाउरहेडला चौथ्यांदा

मेधे,

परवा फोनवर तू म्हणालीस, "परत त्याच बागेत? तुझ्या इंग्लंडात दुसरी बागच नाही का गं?" तेव्हा तुझा कुकर शिट्ट्या मारत होता, इकडे माझी लेक हाका मारत होती, आणि तू मळ्याचं सांगितलंस तेही अर्धंच ऐकलं. दोन्ही गोष्टी डोक्यातून जात नाहीयेत म्हणून आज लिहायला बसलेय. लांबणार आहे, चहा घेऊन बस.

स्टाउरहेड आमच्या ब्रिस्टलहून गाडीने तासाभराच्या थोडं वर. विल्टशायरमध्ये, स्टाउर नदीचा उगम तिथला, म्हणून हे नाव. लंडनच्या होर नावाच्या बँकवाल्यांची ही इस्टेट, १६७२ ची त्यांची बँक अजून चालू आहे. पहिल्या हेन्री होरने १७१७ मध्ये जागा घेतली, जुनं घर पाडून नवं बांधलं, पण बाग केली ती त्याच्या मुलाने, तोही हेन्रीच. १७४० नंतर कामाला लागला, म्हणजे बघ, चिमाजी अप्पांनी वसई घेतली १७३९ ला आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत हा माणूस इकडे दरीत बांध घालून तळं करायच्या मागे. तळ्याच्या काठाने त्याने रोमन धाटणीची देवळं बांधली, एक फ्लोराचं, एक टेकाडावर अपोलोचं, आणि पाण्यापलीकडे घुमटाचं पँथिऑन. पूजा वगैरे काही नाही हं तिथे, नुसती बघायला. आणि गंमत अशी की कुठेही उभी राहा, सगळी बाग एकदम दिसत नाही, देऊळ दिसतं, चार पावलं गेलं की झाडांआड जातं, आणि तू विसरलीस की दुसऱ्याच बाजूने पाण्यात सावली टाकून समोर उभं.

पहिल्यांदा गेले ती ऑक्टोबरात, सगळे जातात तेव्हा. रंग खरोखर वेड लावतात, बीचची झाडं तांबूस, जपानी मेपल लालभडक, ट्युलिप ट्री हळदीसारखं पिवळं, आणि ते सगळं परत उलटं पाण्यात. पण पुलाजवळ फोटोसाठी ही गर्दी, मलाही दोन मिनिटांत बाजूला व्हावं लागलं, घरी आले तर फोनमध्ये दोनशे फोटो आणि डोळ्यांसमोर काहीच नाही असं झालं. म्हणून परत जायचं ठरवलं, खरं कारण एवढंच.

मग गेले फेब्रुवारीत. मेधे, काय सांगू तुला. हाडं गोठवणारी थंडी, झाडांवर एक पान नाही, आणि त्यामुळेच बागेचा सांगाडा दिसला, म्हणजे बांध कुठे आहे, जमीन कशी उतरते, देवळं एकमेकांकडे कशी तोंड करून उभी आहेत, ते सगळं हिवाळ्यातच कळतं. ऑक्टोबरात रंग बघितले होते, बाग फेब्रुवारीत बघितली असं म्हणेन मी. गवतात स्नोड्रॉपची पांढरी फुलं मान खाली घालून, धुकं पाण्याला टेकलेलं, आणि अख्ख्या फेरीत मला सहा माणसं भेटली.

तिथे एक गुहा आहे, मुद्दाम बांधलेली, पाण्याच्या पातळीला. आत झऱ्याचं पाणी सतत वाहतं आणि त्यावर एक अप्सरा झोपलेली, तिच्यापुढे दगडावर इंग्रजीत चार ओळी कोरल्यात, त्यांचा भाव असा की झऱ्याची राखण करते, पाण्याच्या आवाजात झोपलेय, पाऊल हळू टाक. मी खरंच हळू टाकलं. पलीकडे नदीचा देव बसलेला आहे, आणि भिंतीला एक खडबडीत खिडकी, त्यातून एकदम तळं आणि लांब गावातलं चर्च. मला घाटावरची आपली घुमटी आठवली, मेणवलीची, जिथे आपण घंटेखाली बसून चिंचा खायचो.

घंटेवरून आठवलं. आपल्या घाटावरची घंटा जशी वसईच्या चर्चमधून आलेली, तसा इथे बागेच्या तोंडाशी उंच नक्षीचा दगडी क्रॉस आहे तो आमच्या ब्रिस्टलचा! १३७३ चा, आठ राजांचे पुतळे आहेत त्यावर. भर चौकात होता, लोकांनी अडचण होते म्हणून काढायला लावला, दुसरीकडे उभा केला तर तिथेही येणाऱ्या-जाणाऱ्यांना नको झाला, शेवटी १७६४ मध्ये होरने मागून नेला. ब्रिस्टलला राहून मला हे विल्टशायरात कळलं.

आईला नेलं ते मेच्या शेवटी, ती आली होती तेव्हा. तेव्हा ऱ्होडोडेंड्रॉन फुलतात, जांभळे, गुलाबी, लाल, घराएवढाल्या झुडपांवर नुसते गुच्छच्या गुच्छ. आईला ते सगळ्यात आवडलं, "एवढी फुलं आणि देवाला एक तोडता येत नाही" हे तीनदा म्हणाली. मला मात्र, तुला म्हणून सांगते, ती फुलं जरा जास्तच वाटतात. मूळ हेन्रीच्या बागेत ती नव्हतीच, ती आणायला सुरुवात केली त्याच्या नातवाने, रिचर्ड कोल्ट होरने, १७९१ पासून. आजोबांनी हिरव्याच्या छटा, सावली आणि पाणी यावर चित्र रचलेलं, त्यात हे एवढे भडक रंग. पण आई ज्या बाकावर तासभर बसली, ती बाग मला नातवानेच दिली ना. त्यामुळे फार बोलत नाही.

मधल्या उन्हाळ्याचं विशेष नाही, गच्च हिरवं, पोरांचा दंगा, आइस्क्रीम.

पैशाचंही लिहायला हवं, नाहीतर अर्धवट होईल. १७२० मध्ये साउथ सी कंपनीचे शेअर फुगून फुटले त्यात होरांच्या बँकेने चांगला नफा कमावला, आणि ती कंपनी आफ्रिकेतून माणसं गुलाम म्हणून नेणारी. ब्रिस्टलही त्याच धंद्यावर मोठं झालेलं. तळ्याकाठी उभी असताना हे विसरता येत नाही, विसरू नयेही.

आणि आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. बाग करणाऱ्या हेन्रीची बायको काम सुरू झालं तेव्हाच गेली, मग उरलेला एकच मुलगा इटलीत नेपल्सला देवीच्या साथीत गेला. तरी तो लावतच राहिला, म्हाताऱ्या वयात टेकडीवर १६० फुटांचा मनोरा बांधला. आणि शेवटचा मालक सर हेन्री, त्याचंही तेच. १९०२ मध्ये घर आतून जळालं, नोकरांनी आणि गावकऱ्यांनी खालच्या मजल्यावरची चित्रं, सामान बाहेर काढलं, त्याने घर परत उभं केलं ते एकुलत्या मुलासाठी, हॅरीसाठी. तो पहिल्या महायुद्धात पॅलेस्टाईनला जखमी झाला आणि डिसेंबर १९१७ मध्ये अलेक्झांड्रियात वारला. पुढे जवळजवळ तीस वर्षं सर हेन्री आणि त्याच्या बायकोने ते सगळं सांभाळलं आणि १९४६ मध्ये नॅशनल ट्रस्टला, म्हणजे जुन्या वास्तू जपणाऱ्या इथल्या संस्थेला, देऊन टाकलं. पुढच्याच वर्षी, २५ मार्च १९४७ ला, नवरा-बायको एकाच दिवशी गेले, काही तासांच्या अंतराने. हे मी फेब्रुवारीत त्यांच्या घरातच वाचलं आणि बाहेर येऊन बराच वेळ चालता येईना.

तुझ्या बाबांचा मळा विकायचा ठरतोय असं तू म्हणालीस आणि मी काहीच बोलले नाही, त्याचं फार वाईट वाटलं मागाहून. विकू नका असं मी इथे बसून कुठल्या तोंडाने सांगू, तुमची अडचण मला माहीत आहे. पण त्या कोल्ट होरने १७९२ पासून एक नोंदवही ठेवली होती, यंदा काय लावलं, काय बांधलं, आणि पुढच्या लोकांनी ती चालवली, सर हेन्रीपर्यंत. तर काकांच्या शेजारी बस एक दिवस, व्यवहार व्हायच्या आत, आणि लिहून घे. विहिरीजवळचा रायवळ कुणी लावला, दोन चिकू कधी आणले, तो वाकडा फणस कुठल्या पावसात वाकला. मोबाइलवर नको, वहीत. आणि मला फोटो काढून पाठव प्रत्येक पानाचा.

तुझा पासपोर्ट झाला की ये. फेब्रुवारीत ये, थंडी वाजेल, माझा जाड कोट तुला देईन.

काकांना नमस्कार, चिनूला पापा.

तुझी,
शुभा