आंब्याची कोय कचऱ्यात कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुर्भ्याच्या एमआयडीसीत आंब्याचा रस काढून डबाबंद करणाऱ्या एका कारखान्यात मी निवृत्तीपर्यंत पाळ्या केल्या. सीझनला यंत्राच्या एका तोंडातून रस पडायचा, दुसऱ्यातून साली आणि कोयी. आंब्याच्या वजनाचा तिसरा हिस्सा तरी असा बाहेर पडतो. तीन ट्रक आंबा आला की एक ट्रक साली-कोयी, हा हिशोब आम्हाला तोंडपाठ होता.

हा माल यंत्रातून पडतो तेव्हा अगदी स्वच्छ असतो. पण मागच्या दाराशी त्याच ढिगावर हातमोजे, फाटक्या पिशव्या, ओले पुठ्ठे, कॅन्टीनचं उष्टं, सगळं येऊन पडायचं. कंत्राटदाराची गाडी दोन दिवस चुकली की माश्या घोंघावायच्या आणि आंबूस काळं पाणी गटाराला लागायचं. वेगळी पिंपं ठेवा, असं मी साहेबांना दोनदा सांगितलं. "निवडत कोण बसणार?" एवढंच उत्तर मिळालं. अहो, निवडायचं नव्हतंच काही! फक्त मिसळायचं नव्हतं.

आपल्याकडे कोयीची सुपारी करतात, म्हणजे तिच्यात काहीतरी आहे हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं. कोयीच्या गरातून निघणारं घट्ट तेल कोको बटरच्या जवळचं असतं. युरोपात चॉकलेटमध्ये ज्या सहा वनस्पती-तेलांना परवानगी आहे, त्यांत कोयीचं तेल आहे. सालीत पेक्टिन असतं, जॅम त्यानेच घट्ट होतो. आणि यातलं काहीच करायचं नसेल, तर निदान गॅस करा. खाडीपलीकडे तुर्भ्याच्या समोरच ट्रॉम्बे आहे. तिथल्या भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी 'निसर्गऋण' तंत्र विकसित केलं. ओला कचरा दळायचा, गरम पाण्यात उष्णता सोसणाऱ्या जिवाणूंकडून आधी पचवून घ्यायचा आणि मग हवाबंद टाकीत सोडायचा. गॅसही मिळतो, खतही. अट एकच, कचऱ्यात प्लास्टिक नको. हाच कचरा डम्पिंगवर दाबला गेला की आत हवेविना कुजतो आणि मिथेन सोडतो. शंभर वर्षांच्या हिशोबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो.

तेलाचंही तेच. तळणीच्या तेलात ध्रुवीय संयुगं, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात तयार होणारे खराब घटक, २५ टक्क्यांवर गेली की ते खाण्यासाठी वापरायचं नाही, हा नियम २०१८ पासून आहे. असं तेल गोळा करून बायोडिझेल करण्याची सरकारी योजनाही त्याच वर्षीची. तरी कित्येक ठिकाणी काळं तेल मोरीत ओततात, ते पाइपात थिजतं, किंवा स्वस्तात विकलं जाऊन पुन्हा कुणाच्या तरी कढईत येतं. गरिबाच्या पोटात जाणारा हा कचरा मला सगळ्यात जास्त टोचतो.

२०१६ च्या घनकचरा नियमांनी रोज सरासरी १०० किलोंहून जास्त कचरा करणाऱ्यांवर वेगळी जबाबदारी टाकली. पण लहान कारखान्याला स्वतःचा गॅस प्लांट परवडत नाही, हे मी आतून पाहिलं आहे. म्हणून महापालिका, एमआयडीसी आणि बाजार समिती यांना माझी विनंती आहे. एप्रिल ते जून फक्त फळांच्या कचऱ्यासाठी वेगळी गाडी लावा. ती रसाच्या कारखान्यांतून फिरून फळबाजारात यावी. तिथे सडलेला आंबा वेगळा, पेटीतला पेंढा वेगळा आणि प्लास्टिक तिसरीकडे, एवढं गाळ्यावरच झालं पाहिजे. भाजीबाजारातला कोबीचा पाला पुढच्या वर्षी घेता येईल.

गाडीत काय घ्यायचं आणि काय परत पाठवायचं, हे दाखवायला मी रोज सकाळच्या पाळीला उभा राहायला तयार आहे. मोबदला नको.

आपला,
एक निवृत्त कामगार, कोपरखैरणे, नवी मुंबई