मंत्री महोदय, माझा आजार तुमच्या यादीत नाही

स.न.वि.वि.

गेल्या वर्षी नाशिकला आलात तेव्हा, माझा आजार दिव्यांगत्वाच्या सरकारी यादीत घ्यावा म्हणून केलेला माझा अर्ज तुम्ही स्वतः हातात घेतला होतात. "ताई, पंधरा दिवसांत मार्ग काढतो," म्हणालात. फोटोही निघाला. उत्तर परवा आलं, एका ओळीचं: सदर आजार अनुसूचीत समाविष्ट नसल्याने अर्ज निकाली काढण्यात येत आहे.

मला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. मोठ्या आतड्याला आतून सूज येते, व्रण होतात, रक्त पडतं. गोळ्यांनी दबतो, पुन्हा उसळतो. उसळला की दिवसातून दहा-बारा वेळा जावं लागतं, आणि लागली की लागली, थांबता येत नाही. बाहेरून काही दिसत नाही. उलट स्टेरॉईडने चेहरा गोल होतो, तर शेजारणी म्हणतात, तब्येत छान सुधारली हो! बसमध्ये राखीव जागेवर बसले की एखादे काका सुनावतात, "चांगल्या धडधाकट आहात की." मी उठते. भर बसमध्ये आतड्याचं पुराण कोण लावणार?

बाहेर जायचं तर आदल्या रात्रीपासून उपास. तरी परवा, तुमचं पत्र आलं त्याच दिवशी, रविवार कारंज्याकडे जाताना कळ आली. वाटेतल्या महिला स्वच्छतागृहाला कुलूप. किल्ली पानटपरीवाल्याकडे आणि तो जेवायला गेलेला. पुढे काय झालं ते लिहायची लाज मी का बाळगू? कपडे खराब झाले. एका रिक्षावाल्या दादांनी सीटवर पेपर अंथरून मला सिडकोत घरी सोडलं, वर पैसेही घेतले नाहीत. मी मात्र दोन दिवस कुणाशी बोलले नाही.

२०१६च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. सिकलसेल आला, मल्टिपल स्क्लेरॉसिस आला, फार चांगलं झालं. माझा नाही, क्रोन्स नाही, ल्युपस नाही. त्याच अनुसूचीच्या शेवटी लिहिलंय की केंद्र सरकार अधिसूचना काढून आणखी प्रकार घालू शकतं. तुमच्याकडून शिफारशीचं एखादं पत्र दिल्लीला गेलं का? की पोस्टाची तिकिटं संपली?

महात्मा फुले योजनेचं ५ लाखांचं कवच आहे, पण ते भरती झाल्यावर. भरती व्हायची पाळी येऊ नये म्हणून ज्या गोळ्या घेते, त्यांचं बिल माझं. म्हणजे आधी खाटेवर पडा, मग सरकार धावून येणार! लाडक्या बहिणीचे १५०० रुपये त्यात दहा दिवसही पुरत नाहीत.

आता सिंहस्थासाठी हजारो कोटींचे आराखडे आहेत. साधूंसाठी शौचालयांच्या रांगा उभ्या राहतील. राहू देत, पाहुण्यांची सोय हवीच. पण दरवर्षी घरपट्टी भरणाऱ्या बाईने काय पर्वणीपर्यंत कळ दाबून ठेवायची? या राज्यात बांधायचं टेंडर निघतं, फीत कापली जाते, नाव कोरलं जातं. रोज सकाळी कुलूप उघडणारा माणूस कुणाच्याच बजेटात नसतो. रस्त्यांचं तेच, शाळांचं तेच, दवाखान्यांचं तेच.

माझ्या अर्जात दोनच मागण्या होत्या: दिल्लीला शिफारस, आणि दुकान, हॉटेल, कचेरीत दाखवलं तर शौचालय वापरू देतील असं एक साधं ओळखपत्र. दोन्ही जमणार नसेल, तर निदान नाशिकमधल्या प्रत्येक महिला स्वच्छतागृहाची किल्ली कुणाकडे असते आणि तो जेवायला किती वाजता जातो, एवढं तरी जाहीर करा.

आपली,
यादीत नसलेली एक नाशिककर