दंडातली काडी

एडिसन, न्यू जर्सी
२२ जुलै

ती. आईस,
सा. न. वि. वि.

मी ठणठणीत आहे, काळजी करू नकोस. परवा तुझा आवाज ऐकूनच कळलं की तो व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज तुझ्या डोक्यातून गेलेला नाही, दंडातल्या गर्भनिरोधक काडीवर अमेरिकेत बायकांनी दावे लावलेत असं सांगणारा. फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि मागून बाबा टीव्ही मोठा करतात, म्हणून सगळं लिहूनच पाठवते. वहिनीलाही वाचायला दे. डॉक्टरांनी तिला तशीच काडी, म्हणजे इम्प्लांट, सुचवलंय. न बसवायचं तिने ठरवलं तर तिची मर्जी, पण त्या मेसेजला घाबरून नको.

त्यात तीन वेगळ्या गोष्टींची खिचडी केली आहे. अमेरिकेत बायकांनी मोठ्या संख्येने दावे लावलेत हे खरं, पण सध्याचा तो गाजावाजा गर्भनिरोधक इंजेक्शनचा आहे, डेपो-प्रोव्हेराचा. दर तीन महिन्यांनी घेतात ते. मार्च २०२४ मध्ये फ्रान्समधला अभ्यास छापून आला. हे इंजेक्शन वर्षभर किंवा जास्त घेतलेल्या बायकांत मेनिंजिओमाच्या ऑपरेशनची शक्यता साधारण साडेपाचपट दिसली. ही मेंदूच्या आवरणावरची गाठ असते. बहुतेक वेळा कॅन्सरची नसते, पण वाढली तर कवटी उघडावी लागते. मुळात ती होते फार थोड्यांना, त्यामुळे साडेपाचपट होऊनही धोका लहानच राहतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये देशभरातल्या फेडरल कोर्टांतले दावे फ्लोरिडात पेन्साकोलाला एकाच न्यायाधीशांपुढे आणले गेले. आपल्याकडे सरकारी दवाखान्यात ‘अंतरा’ नावाने फुकट मिळतं ते हेच औषध. ओळखीत कुणी ते वर्षानुवर्षं घेत असेल आणि डोकेदुखी हटत नसेल, नजर अंधूक होत असेल, तर डॉक्टरांना इंजेक्शनचा उल्लेख करून सांगायला हवं.

मेसेजमधल्या फोटोतल्या सहा नळ्या नॉरप्लांट नावाच्या जुन्या इम्प्लांटच्या आहेत. ते इथे १९९० मध्ये मंजूर झालं आणि २००२ मध्ये बाजारातून गेलं. बसवताना सोपं, काढताना मात्र सहा नळ्या मांसात रुतलेल्या. त्यावरून दावे झाले, आणि १९९९ मध्ये कंपनीने सुमारे ३६ हजार बायकांपुढे प्रत्येकी १५०० डॉलर ठेवले, चूक मान्य न करता. आज नवं कुणालाही ते बसवत नाहीत.

आता वहिनीची काडी. एकच असते, ४ सें.मी. लांब, २ मि.मी. जाड, काडेपेटीतल्या काडीएवढी. आत ६८ मि.ग्रॅ. इटोनोजेस्ट्रेल हे हार्मोन. मूळ लेबलवर मुदत तीन वर्षांची. अंगावर पाजणाऱ्या बाईलाही चालते. ज्या हाताने आपण लिहीत नाही त्या दंडाच्या आतल्या बाजूला, कोपराच्या आतल्या हाडापासून ८ ते १० सें.मी. वर बसवतात, आणि दंडाच्या पुढच्या-मागच्या स्नायूंमधल्या खाचेपासून ३ ते ५ सें.मी. मागे सरकून. त्या खाचेतून नस, म्हणजे मज्जातंतू, आणि रक्तवाहिन्या जातात, म्हणून हे अंतर पाळायचं. जागा बधिर केल्यावर सुई कातडी उचलून धरत अगदी वरच्या थरात सरकवली पाहिजे. सगळं बिघडतं ते इथेच. सुई खोल गेली तर काडी स्नायूत जाते, क्वचित नसेला लागते, आणि फारच क्वचित रक्तवाहिनीत शिरून फुफ्फुसाच्या धमनीपर्यंत पोचते. अशा नोंदी आहेत आणि इथे त्यावरूनही दावे झालेत. ते मी तुझ्यापासून लपवत नाही.

म्हणून वहिनीला सांग, टेबलावरून उठण्याआधी डॉक्टरांना चाचपून दाखवायला लाव आणि स्वतःही बोटांनी बघ. दोन्ही टोकं लागली पाहिजेत. एक टोक दाबलं की दुसरं वर येतं. नंतरही महिन्याकाठी आंघोळीच्या वेळी एकदा हात फिरवावा. लागली नाही तर ती आहे असं धरून चालायचं नाही. तोवर कंडोम वापरायचा आणि काडी शोधायची. हल्लीच्या काडीत बेरियम असतं, त्यामुळे एक्स-रेत दिसते. दंडात नसेल तर छातीचा एक्स-रे. आणि जागा कळल्याशिवाय कुणालाही चिरा मारू द्यायचा नाही, ‘इथेच असेल, बघू’ म्हणणाऱ्याला तर मुळीच नाही. नीट बसलेली काडी दोन मि.मी.च्या चिऱ्यातून काही मिनिटांत निघते. निघाल्यावर पूर्ण ४ सें.मी. आहे का, ते मोजून घ्यायचं.

खरा त्रास पाळीचा. कधी महिनोन्‌महिने येत नाही, कधी पंधरा दिवस ठिपके. चाचण्यांमध्ये जवळपास ११ टक्के बायकांनी एवढ्याचसाठी ती काढून टाकली. पाळीच्या पहिल्या पाच दिवसांत बसवली तर लगेच लागू पडते, एरवी सात दिवस दुसरं साधन हवं. स्तनाचा कॅन्सर झालेला असेल तर नको. रक्ताची गाठ पूर्वी झाली असेल तर डॉक्टरांना आधी सांगायचं. आणि टीबीच्या कोर्समधल्या रिफॅम्पिसिनने, फिटच्या काही गोळ्यांनीही, तिचा असर कमी होतो. मुंबईत टीबी किती घरांत आहे ते तुला माहीत आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

मेसेजमधला तो वकिलाचा फोन नंबरवाला फोटो तुला विचित्र वाटला, त्याचं कारण इथली एक चाल आहे. आपल्याकडे बार कौन्सिलच्या ३६ व्या नियमाने वकिलाला जाहिरात करता येत नाही, फार तर दारावर पाटी आणि वेबसाइटवर मोजकी माहिती. इथे १९७७ मध्ये सुप्रीम कोर्टानेच ती मोकळी केली. हायवेवर आपल्या निवडणुकीच्या होर्डिंगएवढा वकिलाचा चेहरा, खाली फोन नंबर. दुपारच्या मालिकांमध्ये जाहिरात: तुम्ही अमुक औषध घेतलं का, तमुक झालं का, लगेच फोन करा. फी आधी लागत नाही. पैसे मिळाले तर त्यातला साधारण तिसरा हिस्सा, कधी ४० टक्के वकिलाचे. त्यामुळे जितकी नावं गोळा होतील तितकी ते करतात. म्हणजे दाव्यांचा आकडा हा आजाऱ्यांचा आकडा नव्हे. पण दावे खोटे असतात असंही मी म्हणणार नाही. इथे दावा लावायला बऱ्याच राज्यांत दोन-तीन वर्षांचीच मुदत असते, आणि ज्या बाईच्या हाताची नस दुखावली तिला वेळेवर सांगणारं कुणीतरी हवंच.

मुंबईत वहिनीने एवढंच करावं: केसपेपर, संमतीपत्राची प्रत, बॅच नंबरचा स्टिकर आणि बसवल्याच्या तारखेचं कार्ड एका पाकिटात ठेवावं, तुझ्या एलआयसीच्या फाइलमध्ये. खासगी दवाखान्यात चूक झाली तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांत तक्रार करता येते. औषधाचा दुष्परिणाम १८००-१८०-३०२४ वर कळवता येतो.

आणि तू सरळ विचारलं नाहीस, तरी मला समजलं. काडी काढल्यावर आठवड्याभरात औषध रक्तात सापडत नाही, बहुतेकींना महिन्याभरात पुन्हा दिवस राहू शकतात. उशीर होतो तो इंजेक्शननंतर. माझी काडी मार्चमध्ये काढायची आहे. त्यापुढचं आमचं आम्ही ठरवू, तू नवस वगैरे बोलू नकोस.

१० तारखेला पैसे टाकलेत. डिपॉझिट भरून उरतील त्यातले वहिनीच्या डॉक्टरांसाठी बाजूला ठेव आणि तिला मागायला लावू नकोस. गणपतीला सुट्टी मिळत नाहीये. नीलूच्या लग्नाला डिसेंबरात नक्की येते, तिकीट बघतेय. मागच्या वर्षीही हेच म्हणाले होते, ते माझ्या लक्षात आहे. तुझ्या गुडघ्याचं, बाबांच्या शुगरचं सगळं वहिनीच बघते. तिच्या तपासणीला या वेळी तू सोबत जा.

तुझी,
मनू