शूटिंगवाल्या दादांना, दहावीच्या वर्गाकडून

दादा, सप्रेम नमस्कार.

ऐन लग्नसराईत सुपारी सोडून तुम्ही शाळेत आलात. तुमच्या आधी आलेल्या मंडळींनी ड्रोन उडवला, मुलांकडून घोषणा म्हणवून घेतल्या आणि शेवटी आपला लोगो चिकटवला. त्या फिल्ममध्ये ‘गुरुत्वाकर्षण’ हा धडा नावालाच होता. मुलांच्या हातात कॅमेरा एकदाही आला नाही, याचा राग अजून आहे.

तुम्ही आल्या आल्या मोबाइल मुलांकडे दिलात. वरून सोडलेला चेंडू टिपायचा आणि त्यावरून g, म्हणजे गुरुत्वीय त्वरण, काढायचं. स्लो-मोशन, सेकंदाला २४० फ्रेम. ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकतं, कारण ५० हर्ट्झच्या विजेवर तिचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. म्हणून शूटिंग उन्हात. फोकस आणि एक्सपोजर लॉक. प्लास्टिकचा हलका चेंडू हवेनं अडतो, म्हणून लेदरचा. क्लिप व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवली तर दाबली जाते, फ्रेमचा हिशोब बिघडतो. म्हणून केबलनंच घ्यायची.

मग दर १२ फ्रेमला, म्हणजे १/२० सेकंदाला, चेंडू किती खाली आला ते मोजायचं. सूत्राप्रमाणे १.२, ४.९, ११, १९.६ सेंटिमीटर यायला हवं. मुलांचा प्रत्येक आकडा मोठा आला आणि g ९.८ ऐवजी १२ च्या वर गेला.

चूक कुठे आहे ते तुम्हाला दिसत होतं. तरी तुम्ही हात पाठीमागे बांधून उभे राहिलात. आभार मुख्यतः त्याचे आहेत. मुलं क्लिप पुढे-मागे करत राहिली, आपसांत भांडली, आणि एका मुलीनं विचारलं, “पट्टी भिंतीवर का लावलीय?” फोनपासून चेंडू २ मीटरवर, भिंत अडीच मीटरवर, त्यामुळे १ मीटरचं पडणं भिंतीवरच्या पट्टीवर सव्वा मीटर दिसत होतं. पट्टी चेंडूशेजारी उभी केली आणि आकडे जागेवर आले. भूमितीतले समरूप त्रिकोण मुलांना त्या दुपारी खरे भेटले. येत असूनही गप्प राहायला मोठं मन लागतं. असं मन असलेली माणसं गावोगाव आहेत, फक्त त्यांना शाळेत कुणी बोलावत नाही.

दादासाहेब फाळक्यांनी कुंडीतल्या वाटाण्याची वाढ एकेक फ्रेम घेऊन टिपली होती. आठवीची मुलं आता तेच मटकीवर करताहेत: दर १० मिनिटांनी १ फोटो, ४ दिवसांत ५७६, सेकंदाला २४ प्रमाणे २४ सेकंदांची फिल्म. दिवा अहोरात्र तोच ठेवायचा आणि खिडकी झाकायची, नाहीतर दिवस-रात्रीनं चित्र उजळतं-काळवंडतं.

लग्नाच्या तारखा संपल्या की बघायला नक्की या.

आपले,
विज्ञान-गणिताचे शिक्षक