आजोबांच्या मॉरिसचं काय करायचं

ऑक्सफर्ड, रविवार रात्र

ती. बाबा आणि आई, सा. न.

ग्रुपवर लिहिलं की काका लगेच अंगठा टाकतात आणि विषय संपतो, म्हणून हे लांबलचक मेल. बाबांना प्रिंट काढून दे गं आई.

आजोबांच्या मॉरिस गाडीचे फोटो पाहिले. ऑगस्ट 2024 ला विश्वामित्रीचं पाणी बडोद्यात आपल्या कारेलीबागेत शिरलं तेव्हा गाडी सीटपर्यंत बुडाली होती, मला वाटलं धुतली म्हणजे झालं. पण आई म्हणते झाडताना अजून दाराखालून माती गळते, आणि खरी भानगड तीच आहे, वरचा गंज दिसतो तरी, आत बसलेला गाळ ओल धरून पत्रा आतून खातो.

काल इथे एकाच्या शेडमध्ये अगदी आपल्यासारखीच उघडी, कापडी टपाची मॉरिस मायनर बघितली. त्याने उंबरे (दाराखालचा पत्रा हो, घराचे नव्हे!) कापायच्या आधी दोन्ही दारांच्या जागी तिरके लोखंडी पाइप वेल्ड करून ठेवलेले. का विचारलं तर म्हणाला, हिला वेगळी चेसिस (खालचा लोखंडी सांगाडा) नाही आणि वर पक्कं छतही नाही, सगळा भार खालीच, पाइप न लावता कापलं तर जुन्या बाजेसारखी मधून झोळते आणि मग दारं जन्मात लागत नाहीत. त्यामुळे आपला गॅरेजवाला जे म्हणतोय ना, पुट्टी मारून कलर करतो दिवाळीपर्यंत देतो, त्याला आत्ताच नको म्हणा.

बाबा, एक करा. दार लावून मागच्या कडेची फट बघा. वर अरुंद नि खाली रुंद असेल तर गाडी मधून बसलीय. मग स्क्रूड्रायव्हरने उंबरा आणि पुढच्या सीटखालचा आडवा बीम टोचा, पुढच्या सस्पेन्शनचे टॉर्शन बार (पीळ खाऊन स्प्रिंगचं काम करणाऱ्या सळया) त्यालाच धरलेले असतात, तो गेला तर खेळ संपला.

फट सरळ असली तर करू, पण आधी लोखंड, रंग सगळ्यात शेवटी. 1948 ते 71 मध्ये सोळा लाखांच्या आसपास मायनर निघाल्या, त्यामुळे पत्र्याचे नवीन पीस इथे मिळतात, मी पाठवीन. फट वाकडी असली तर मात्र माझं मत, गाडी विकून टाकू. भंगारात नाही हं काका! ज्याच्याकडे बॉडी चांगली आहे पण कापडी टपाचा सांगाडा नाही अशा कोणाला.

2023 च्या जानेवारीत लक्ष्मीविलास पॅलेसला तो जुन्या गाड्यांचा शो बघून आलात तेव्हापासून तुमचं मन लागलंय, माहितीये मला. पण शोमधल्या गाड्या पुरात नव्हत्या बाबा.

आरसी बुक आजोबांच्याच नावावर आहे अजून, ते शोधून ठेवा. 2021 च्या नियमाने पन्नास वर्षांवरची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नवीन नोंदणीची फी 20,000, दहा वर्षं चालते, पण रोज भाजीला न्यायची नाही.

जॅक लावणार असाल तर खाली लाकडी फळी ठेवा, नाहीतर जॅक सरळ पत्र्यातून आत जाईल. आणि फटीचा फोटो टॉर्च मारून काढा, मागच्या वेळी नुसता अंधार आला होता.

तुमचा,
चिन्मय