उतरत्या वयातला अल्बमही कान देऊन ऐकावा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पुरवणीत संगीतावर नेमाने लिहून येते. हेवी मेटल या आक्रमक रॉक संगीताचा विषय मात्र निघालाच तर ऐंशीच्या दशकातल्या आठवणींपुरता निघतो आणि शेवटी ‘आता पूर्वीची मजा नाही’ यावर येऊन थांबतो. मेगाडेथ या अमेरिकन मेटल बँडच्या ‘द सिक, द डाइंग... अँड द डेड!’ या सप्टेंबर २०२२ मध्ये आलेल्या सोळाव्या अल्बमबद्दलही मी हेच ऐकत आलो आहे. ते मला मान्य नाही.

बँडचा गायक-गिटारवादक डेव्ह मस्टेन याला काय काय सोसावं लागलं ते आधी पाहा. २००२ साली खुर्चीच्या पाठीवर हात टाकून त्याला झोप लागली, दंडाची नस दाबली गेली आणि डावा हात लुळा पडला. बँड मोडला. ज्या हाताची बोटं गिटारच्या पट्ट्यांवर इतकी ताणून पडायची की त्या पद्धतीला ‘स्पायडर कॉर्ड’ असं नाव पडलं, तोच हात त्याने पुन्हा पहिल्यापासून तयार केला. २०१९ मध्ये घशाचा कर्करोग झाला. त्यातून उठून त्याने हा अल्बम पुरा केला.

दात-ओठ खाऊन वर चढणारा त्याचा जुना सूर इथे फारसा नाही. तो खालच्या पट्टीत राहतो, शब्द चावतो, कुठे कुठे नुसतं बोलतो. शीर्षकगीत युरोपातल्या प्लेगचं आहे. तिथे ही खरखर अशी बसली आहे की पंचविशीतल्या गळ्याला ते जमलं नसतं, असं माझं ठाम मत आहे. चेर्नोबिलच्या कुत्र्यांवरचं गाणं सावकाश सुरू होतं आणि पुढे वेग घेतं, तेव्हा बेल्जियमच्या डर्क व्हर्ब्यूरेनचे ड्रम्स हेडफोन लावून ऐका. ब्राझीलच्या किको लुरेरोची गिटार मस्टेनला नुसती साथ करत नाही, वादही घालते. बास गिटार वाजवणाऱ्या डेव्हिड एलेफसनला २०२१ च्या मे महिन्यात बँडमधून काढल्यावर त्याचा रेकॉर्ड झालेला बास टाकून देऊन टेस्टामेंट या दुसऱ्या मेटल बँडच्या स्टीव्ह डी जॉर्जिओकडून तो नव्याने वाजवून घेतला, तरी कुठे जोड दिसत नाही.

अल्बम लांबला आहे हे खरं. मधली दोन-तीन गाणी गाळता आली असती आणि रॅपर आइस-टीचा प्रवेश मला अजून उगाचच वाटतो. हे जरूर लिहावं. पण १९९० च्या ‘रस्ट इन पीस’ या त्यांच्याच गाजलेल्या अल्बमची फूटपट्टी लावून मोकळं होऊ नये. सवाईच्या मंडपात बुजुर्ग गवई बसले की तार सप्तकात गळा पोचला नाही म्हणून आपण उठून जात नाही. राग कसा मांडला, काय गाळलं, कुठे थांबले हे ऐकतो. हे आपल्या श्रोत्याला येतं. मग साठीतल्या मस्टेनलाच ते का नाकारायचं?

मार्च २००८ मध्ये बंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर मेगाडेथ आले तेव्हा पुण्या-मुंबईहून पुष्कळ पोरं गेली होती, मीही गेलो होतो. ती आता चाळिशीत आहेत आणि आपला अंक त्यांच्या घरी येतो. अशा बँडचा पुढचा अल्बम येईल तेव्हा पूर्ण ऐकणाऱ्या माणसाकडून परीक्षण लिहून घ्यावं आणि त्याला निदान अर्धं पान द्यावं, ही विनंती.

आपला,
एक वाचक, पुणे