खाटेवर घेतलेला अंगठा

महोदय,

कारखान्यात कुणाचा हात गेला की बातमी चार ओळींत संपते आणि त्यात 'निष्काळजीपणामुळे' हा शब्द हमखास असतो. निष्काळजीपणा कुणाचा, ते मात्र छापलेले नसते. साकीनाक्याला टूलरूममध्ये मी 31 वर्षे डाय, म्हणजे पत्रा कापायचे-दाबायचे साचे, बनवल्या आणि बसवल्या, म्हणून हे लिहितो आहे.

आमच्या चाळीतल्या 24 वर्षांच्या मुलाची उजव्या हाताची दोन बोटे, तर्जनी आणि मधले, 2024 च्या पावसाळ्यात पॉवर प्रेसखाली गेली. गाळ्यात माणसे आठ. पत्र्याचा तुकडा डायमध्ये ठेवायचा, पेडल दाबायचे, तुकडा काढायचा, दिवसभर हेच. प्रेसला जाळी होती, पण ती लावली की हात अडतो आणि माल कमी निघतो, म्हणून भिंतीला टेकवून ठेवलेली. त्यात क्लचची चावी झिजलेली. अशा प्रेसवर पेडल एकदाच दाबले तरी कधी कधी ठोका दुसऱ्यांदा पडतो. पोरगा तुकडा काढायला गेला आणि तोच दुसरा ठोका पडला. यात त्याने कोणती काळजी घ्यायची राहिली, ते मला कुणी तरी समजावून सांगावे.

दुसऱ्या दिवशी, भूल पुरती उतरलीही नव्हती, तेव्हा मालकाचा माणूस इस्पितळात आला. आईच्या हातात 25 हजार रुपये ठेवले आणि स्टॅम्पपेपरवर पोराच्या डाव्या हाताचा अंगठा घेतला. चूक माझी, यापुढे माझे काही मागणे नाही, असा मजकूर. मुलगा बारावी शिकलेला आहे. सही करता आली नाही, कारण सहीचाच हात बांधलेला होता.

त्या कागदाला किंमत नाही, हे चाळीत कुणालाच ठाऊक नव्हते. 1923 च्या नुकसानभरपाई कायद्यात हक्क सोडून देण्याचा असा करार रद्दबातल ठरतो. कामगाराची साधी चूक झाली एवढ्यावरून भरपाई नाकारता येत नाही. एका हाताची दोन बोटे गेली तर कमाईची ताकद 20 टक्के घटली, असे परिशिष्टातच लिहिले आहे. महिना 15 हजार पगार धरून, त्याच्या 60 टक्क्यांना 24 व्या वर्षासाठीचा 218.47 हा गुणक लावला आणि त्याचे 20 टक्के काढले की रक्कम 3 लाख 93 हजारांच्या पुढे जाते. (आता हा विषय सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे, हा अपघात त्याआधीचा.) ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, कार्ड असते तर उपचार फुकट झाले असते आणि घरी बसल्या दिवसांचा 90 टक्के पगार मिळाला असता. पण दहा माणसेही नसलेल्या गाळ्यात कार्ड कुठले?

आम्ही मुदतीत अर्ज केला, तारखा चालू आहेत. तोवर पोरगा कांजूरमार्गला एका सोसायटीत रात्रपाळीचा वॉचमन आहे. मध्यंतरी बँकेने त्याची पैसे काढायची स्लिप परत केली. सही जुळत नाही म्हणाले. कशी जुळेल? तो आता डाव्या हाताने लिहायला शिकतो आहे.

माझी मागणी एकच आहे. तुटलेल्या बोटांचा रुग्ण आला की इस्पितळात पोलिसांसाठी नोंद होतेच. तिची एक प्रत त्याच दिवशी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे आणि दुसरी भरपाई ठरवणाऱ्या अधिकाऱ्याकडे जावी. वॉर्डात खाटेजवळ मराठी आणि हिंदीत मोठ्या अक्षरांत पाटी असावी: 'कामावर दुखापत झाली असेल तर कोणत्याही कोऱ्या किंवा स्टॅम्पच्या कागदावर सही-अंगठा देऊ नका.' पालिकेच्या इस्पितळांनी मनावर घेतले तर ही पाटी उद्या लागू शकते. रंगाचा खर्च आम्ही चाळकरी देऊ.

– एक निवृत्त टूलरूम कामगार, भांडुप (प.), मुंबई